रंगवलेल्या पडद्याचे वारस

१९१३ च्या मे महिन्यात दोन शहरांत दोन घटना घडल्या. ३ मे रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. २९ मे रोजी पॅरिसमध्ये सर्गेई द्यागिलेव्ह यांच्या रशियन बॅले कंपनीने ‘वसंताचा विधी’ या नृत्यनाट्याचा पहिला प्रयोग केला आणि प्रेक्षागृहात एवढा गोंधळ माजला, की त्याची चर्चा शंभर वर्षांनंतरही थांबलेली नाही. संगीत स्त्राविन्स्कीचे, नृत्य निजिन्स्कीचे, आणि रंगमंचावरचे प्राचीन रशियाचे माळरान, टेकड्या व वेशभूषा निकोलाय रोरिख या चित्रकाराच्या. मुंबई आणि पॅरिसच्या या घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तरी दोन्हींमागे चित्रकलेचे शिक्षण घेतलेला माणूस उभा होता. फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते, तर रोरिख सेंट पीटर्सबर्गच्या कला अकादमीत. त्या काळात जगाच्या अनेक कोपऱ्यांत चित्रकार आपली चौकट सोडून रंगमंचाकडे आणि तिथून पुढे जाऊ लागले होते. महाराष्ट्रात या वाटेवर सर्वांत दूर गेलेला माणूस म्हणजे कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर. या प्रकरणात एकच गोष्ट मांडायची आहे. रंगमंचासाठी काम करणाऱ्या चित्रकाराचे मोठेपण त्याने मागे ठेवलेल्या चित्रांवरून मोजता येत नाही. ते त्याच्या हाताखाली तयार झालेल्या माणसांत, आणि त्या माणसांनी पुढे उभारलेल्या संस्थांत शोधावे लागते. बाबूराव हे त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा. घर कारागिरांचे. लाकूड, लोखंड, माती आणि रंग ही चारही माध्यमे वडिलांच्या हाताखालची. कलाशाळेची पायरी बाबूराव चढले नाहीत. आनंदराव मेस्त्री हे त्यांचे नात्यातले भाऊ आणि कामातले जोडीदार. साधारण १९१० पासून १९१६ पर्यंत या दोघांनी संगीत नाटक मंडळ्यांसाठी आणि गुजराती-पारशी कंपन्यांसाठी पडदे रंगवले आणि पश्चिम भारतातले नामांकित पडदे-रंगारी म्हणून नाव मिळवले. हे काम समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही. मांजरपाटाचे पट्टे जोडून वीस-पंचवीस फूट रुंदीचे कापड शिवायचे, त्याला सरस आणि खडूच्या भुकटीचा हात द्यायचा, कोरडे रंग सरसाच्या पाण्यात कालवून लावायचे. असा रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो. म्हणजे रंगाऱ्याला समोर दिसणारा रंग खरा मानून चालत नाही; वाळल्यावर तो कसा होईल हे आधीच मनात पाहावे लागते. त्यावर रात्री गॅसबत्तीचा पिवळा उजेड पडणार, आणि प्रेक्षक तो पन्नास फुटांवरून पाहणार. जवळून बटबटीत वाटणारा फटकारा लांबून संगमरवराची शीर बनतो आणि जवळून सुबक वाटणारे बारीक काम लांबून पुसले जाते. त्यात दरबाराची खांबओळ कापडावर खोल जाताना दिसली पाहिजे, आणि पुढे उभा असलेला राजा मात्र त्या खांबांपेक्षा विचित्र मोठा दिसता कामा नये. ही सारी गणिते हाताच्या सवयीने सोडवणारा माणूस एक वेगळीच दृष्टी कमावतो. वस्तू आहे तशी पाहण्यापेक्षा ती प्रेक्षकाला कशी दिसेल हे तो आधी पाहतो.

पण या कामाला एक मोठी मर्यादा होती. नाटक मंडळीकडे पडद्यांचा ठरलेला संच असे. राजवाडा, रस्ता, जंगल, बाग, तुरुंग, कैलास. शाकुंतलातला आश्रम आणि सौभद्रातले रान यांच्यासाठी बहुधा एकच कापड खाली सोडले जाई. पडदा कितीही सुंदर असला, तरी तो त्या एका नाटकासाठी विचार करून केलेला नसे. रशियातही नेमके असेच होते. तिथल्या सरकारी नाट्यगृहांत कोठारातली ठरावीक दृश्ये वापरली जात आणि झाडे रंगवणारे वेगळे, इमारती रंगवणारे वेगळे अशी विभागणी असे. रेल्वेच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या साव्वा मामोंतोव्ह यांनी १८८५ मध्ये मॉस्कोत खाजगी ऑपेरा काढला आणि ही चाल मोडली. त्यांनी विक्तोर वास्नेत्सोव्ह, कोन्स्तांतीन कोरोविन यांच्यासारख्या चित्रकारांना बोलावले आणि एका खेळाचे दृश्य, वेशभूषा, रंगसंगती असे सगळे एकाच नजरेतून ठरवू दिले. पुढे द्यागिलेव्हनी १९०९ पासून पॅरिसमध्ये जे दाखवले ते याच बीजाचे झाड होते. १९१० च्या ‘शेहेराजाद’मधला लेऑन बाक्स्टचा हिरवा-निळा जनानखाना आणि १९११ च्या ‘पेत्रुश्का’मधली अलेक्सांद्र बेन्वाची जत्रा त्या त्या खेळाशिवाय दुसरीकडे कुठेच लावता आली नसती. रशियन चित्रकारांना ही मोकळीक रंगमंचावर मिळाली, कारण त्यांच्यामागे एक धनिक होता आणि नंतर युरोपातला श्रीमंत प्रेक्षक होता. कोल्हापूरच्या पडदे-रंगाऱ्याला मराठी रंगमंचावर ती मिळणे कठीण होते. मंडळी गावोगाव फिरणारी, बैलगाडी आणि रेल्वेच्या डब्यात सामान लादणारी. प्रत्येक नाटकाला नवा संच तिला परवडणार कसा? म्हणून बाबूराव आणि आनंदराव चलच्चित्राकडे वळले यात नुसती नव्या यंत्राची हौस नव्हती. जे रंगमंच देऊ शकत नव्हता, ते त्यांना तिथे दिसले. प्रत्येक गोष्टीसाठी वेगळे जग उभे करायचे, आणि ते एकदाच.

हे जग उभे करायला माणसे लागली, आणि इथून बाबूरावांच्या आयुष्याचा खरा धागा सुरू होतो. ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिल्यानंतर दोघा भावांनी आधी चित्रपट दाखवण्याचा व्यवसाय केला आणि त्याबरोबर स्वतःचा कॅमेरा जुळवण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. काम तिथेच थांबले असते, तर त्यात नवल नव्हते. पण पेणहून आलेला विष्णुपंत दामले हा तरुण तोवर त्यांच्या हाताखाली तयार झाला होता. १९१८ मध्ये बाबूराव आणि दामले यांनी मिळून चालणारा कॅमेरा तयार केला. परदेशी यंत्र समोर ठेवून त्याचे भाग इथे घडवण्याचे हे काम पाहिले, की कारागिराच्या घरातले संस्कार कुठे उपयोगी पडले ते कळते. बाबूरावांनी काढलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल दिले गायिका तानीबाई कागलकर यांनी आणि छत्र धरले शाहू महाराजांनी. कागलचे शेख फत्तेलाल रंगकामात शिकता शिकता छायाचित्रणात आले. बाबूराव पेंढारकर कंपनीत होते; त्यांचे मावसभाऊ शांताराम वणकुद्रे त्यांच्या ओळखीने आत आले आणि पडेल ते काम करू लागले. ही माणसे जातीने, धर्माने, शिक्षणाने निरनिराळी होती. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे रंगशाळेची शिस्त. ज्याला ब्रश धरता येतो त्याने गरज पडली तर कॅमेरा फिरवायचा, सुतारकाम करायचे, अंगावर पोशाख चढवून भूमिकाही करायची. मामोंतोव्ह यांच्या अब्राम्त्सेवो या गावच्या वाड्यात रशियन चित्रकार मातीची भांडी, लाकडी कपाटे आणि नाटकाचे पडदे एकाच छपराखाली करत. कोल्हापुरात तशी वस्ती धनिकाच्या वाड्यात उभी राहिली नाही. ती कारागिराच्या कारखान्यात उभी राहिली.

बाबूरावांनी पडद्यावरून चित्रपटात काय नेले, हे ‘सैरंध्री’पासून दिसते. १९२० च्या फेब्रुवारीत हा चित्रपट पुण्याच्या आर्यन सिनेमात लागला. मंडईजवळच्या ज्या जागेला पुणेकर आज ‘आर्यन पार्किंग’ म्हणून ओळखतात, तिथे ते थिएटर होते. स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या होत्या, आणि भीमाने केलेला कीचकवध इतका अंगावर येणारा होता, की सेन्सॉरने त्याला कात्री लावली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले, ते याच काळात. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. वर्षानुवर्षे पडदे रंगवलेल्या या माणसाने चित्रपटात रंगवलेला पडदा टाकून दिला आणि लांबी, रुंदी, खोली असलेले सेट बांधायला सुरुवात केली. कापडावरची खोली म्हणजे नजरेची फसवणूक. ती कशी करायची हे ज्याला पुरते ठाऊक होते, त्यालाच ती कॅमेऱ्यासमोर उघडी पडते हे सर्वांआधी कळले. पोशाख, दागिने, दृश्यांची मांडणी यांची रेखाटने ते आधी करत. त्या काळची फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. कुंकू, शेला, पागोटे असे जे जे तांबडे ते फिल्मवर काळे होई आणि निळे आकाश पांढुरके. सेटचे रंग डोळ्यांना कसे दिसतात याला तिथे किंमतच नव्हती. ते करड्या छटांत कसे उतरतील हे आधी ताडावे लागे. ओल्या रंगात वाळलेला रंग पाहायची सवय झालेल्या माणसाला ही विद्या नव्याने शिकावी लागली नाही. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’साठी त्यांनी रंगवलेले जाहिरातचित्र आपल्या देशातल्या उपलब्ध चित्रपट-पोस्टरांपैकी सर्वांत जुन्यांत गणले जाते. आणि १९२५ चा ‘सावकारी पाश’ तर पुराणातून थेट कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या झोपडीत आला. जमीन गमावून शहरात गिरणीत राबणारा तो तरुण शेतकरी शांतारामांनी रंगवला होता. या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. तरी निर्माते जे. बी. एच. वाडिया यांना कितीतरी वर्षांनंतरही त्यातली मंद उजेडातली उदास झोपडी आठवत होती. पडदे-रंगाऱ्याचा उजेडाचा अभ्यास केवढा पक्का होता, याची ही साक्ष आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. बाबूराव आणि त्यांच्या काळातले पडदे-रंगारी यांनी जे केले ते मुळात उसने होते, असे म्हणता येते. पाश्चात्त्य यथादर्शन, रविवर्म्याच्या छापील चित्रांतली देवादिकांची धाटणी आणि पारशी थिएटरचा भपका यांच्या बेरजेला कला का म्हणावे? रशियन चित्रकारांनी लोककलेतून, जुन्या मूर्तिचित्रांतून, स्लाव कथांतून स्वतःची भाषा घडवली. आपल्याकडे त्या तोडीचे काय? हा आक्षेप पडद्यांपुरता बऱ्याच अंशी खरा आहे आणि तो मान्य करायला हवा. ‘वसंताचा विधी’ करताना रोरिखनी पुरातत्त्वाचा अभ्यास केला होता, उत्खननांत भाग घेतला होता; नाटक मंडळीच्या जंगलाच्या पडद्यामागे असा अभ्यास नव्हता. पण हा आक्षेप बाबूरावांना पडद्यापाशीच थांबलेले धरतो. त्यांनी १९२३ मध्ये हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून ‘सिंहगड’ केला तेव्हा मावळ्यांचा पोशाख, गडाचा दगड आणि रात्रीचा अंधार रविवर्म्याच्या छापील चित्रांत सापडणारा नव्हता. ‘सावकारी पाश’मधली झोपडी पारशी थिएटरच्या एकाही संचात नव्हती. उसन्या भांडवलावर सुरुवात करून दहा-पंधरा वर्षांत आपल्या मातीतल्या दृश्यापर्यंत पोचणे, हा प्रवास रशियन चित्रकारांच्या प्रवासाहून फार वेगळा नाही. वास्नेत्सोव्ह आणि कोरोविन हेही युरोपीय धाटणीच्या शिक्षणातूनच पुढे गेले होते. फरक पैशाचा आणि काळाचा होता, दिशेचा नव्हता.

आता मुख्य पुराव्याकडे येऊ. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. पाच भागीदारांपैकी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर हे चौघे महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. पाचवे सीताराम कुलकर्णी भांडवल घेऊन आले. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला आली. ज्या आवारात तिने स्टुडिओ उभारला तिथे १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. म्हणजे कोल्हापूरच्या रंगशाळेत सुरू झालेली शिकवण्याची परंपरा लॉ कॉलेज रस्त्यावरच्या त्याच जमिनीवर वेगळ्या रूपात आजही चालू आहे. प्रभातच्या चित्रपटांकडे नीट पाहिले, तर गुरूचा हात जागोजागी दिसतो. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’चे भव्य दरबार फत्तेलालांच्या कलादिग्दर्शनातले. १९३३ मध्ये प्रभातने रंगीत चित्रपट करायचा ठरवला, तेव्हा कथा निवडली ती ‘सैरंध्री’ची. गुरूच्या पहिल्या चित्रपटाचीच. रंगांची प्रक्रिया जर्मनीत झाली आणि निकाल मनासारखा आला नाही. पण रंगाचे साहस करताना शिष्यांचे मन कुठे वळले, ते या निवडीत स्पष्ट वाचता येते. आणि १९३६ चा ‘संत तुकाराम’. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, म्हणजे बाबूरावांच्या हाताखालचे दोन सर्वांत जुने कारागीर. स्टुडिओत उभे केलेले देहू, तुकोबांचे साधे घर, जिजाईचा संसार यांत कुठे डोळे दिपवण्याचा हट्ट नाही. विमान उतरण्याचा चमत्कारही त्या साध्या गावात घडतो म्हणून पटतो. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्या वर्षीच्या पहिल्या तीन चित्रपटांत त्याची गणना झाली. पडदा रंगवताना प्रेक्षकाला शेवटी काय दिसणार याचा विचार करायला शिकलेल्या दोघा माणसांनी हे केले, ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

यावर दुसरा आक्षेप असा, की शिष्य गुरूला सोडून गेले यातून गुरूचे मोठेपण कसे सिद्ध होते? बाबूराव सावकाश काम करत, मनासारखे होईपर्यंत थांबत, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी १९३१ मध्ये बंद झाली, तर प्रभात वाढत गेली. मग श्रेय प्रभातचे असेल, बाबूरावांचे कशाला? शिवाय बोलपट आला, भांडवलाची गणिते बदलली, पुण्यासारखे मोठे शहर मिळाले. ही कारणे रंगशाळेपेक्षा मोठी नव्हेत का? ही सारी कारणे खरी आहेत आणि प्रभातच्या यशात त्यांचा वाटा मोठा आहे. पण ती कारणे त्या काळच्या इतर अनेक कंपन्यांनाही लागू होती. बोलपट सर्वांसाठी आला, भांडवल मुंबईत कोल्हापूरपेक्षा कितीतरी अधिक होते. तरीही सेट, पोशाख, प्रकाश, फर्निचर, देवघरातली समई हे सगळे एका विचाराने ठरवण्याची प्रभातची ख्याती वेगळी राहिली. ती सवय बाजारातून विकत मिळत नाही. ती वर्षानुवर्षे एकत्र काम करून लागते, आणि ती वर्षे महाराष्ट्र फिल्म कंपनीत गेली होती. राहिला सोडून जाण्याचा मुद्दा. रंगमंचाशी बांधलेल्या चित्रकाराच्या बाबतीत हे जवळजवळ अटळ आहे. द्यागिलेव्हच्या कंपनीतून कितीतरी नर्तक आणि चित्रकार फुटून निघाले आणि त्यांतूनच युरोप-अमेरिकेतल्या बॅले संस्था उभ्या राहिल्या. सामूहिक कलेत शिकलेला माणूस स्वतःचा समूह उभारतो, तेव्हाच शिकवणे पुरे होते. आणि नातेही तुटले नव्हते. १९४७ मध्ये शांताराम आपल्या राजकमल स्टुडिओत ‘लोकशाहीर रामजोशी’ करत होते, तेव्हा त्यांच्याबरोबर दिग्दर्शक म्हणून नाव होते बाबूराव पेंटरांचे. एका तमासगीर शाहिराच्या त्या चित्रपटात गुरू आणि शिष्य पुन्हा एकत्र आले होते.

तिसरा आक्षेप रंगभूमीच्या बाजूने येतो, आणि पुण्यात तो विशेष जोराने मांडला जातो. चांगल्या नाटकाला रंगवलेले दृश्य लागतेच कशाला? तमाशाला पडदा नसतो. एक फेरी मारली की गाव बदलते, एक वाक्य बोलले की रात्र होते. बिबवेवाडीच्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे, त्या लोकशाहीर अण्णा भाऊ साठ्यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक चालवले, ते गिरण्यांच्या वस्तीत, मोकळ्या मैदानात, कापडाच्या राजवाड्याशिवाय.  १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा तर माणसांच्या रांगेनेच पडद्याचे काम केले, ती रांग भिंत झाली, गर्दी झाली, शहर झाली. या परंपरेपुढे सरस-खडूच्या पडद्याची महती काय? याचे उत्तर असे, की हा आक्षेप आणि बाबूरावांचे काम एकमेकांच्या विरुद्ध उभे नाहीत. कोठारातले ठरीव दृश्य दोघांनाही नको होते. बाबूरावांनी ते सोडून खरी भिंत बांधली, घाशीरामने ते सोडून माणसांची भिंत केली. दोन्ही ठिकाणी एकच आग्रह आहे: समोर जे दिसेल ते या खेळासाठीच विचार करून ठरवलेले असावे. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ केली आणि गुंडाळायच्या पडद्याऐवजी आधुनिक घराची खोली रंगमंचावर मांडली, तीही याच आग्रहातून. ललितकलादर्शसाठी नेपथ्य करणारे पु. श्री. काळे आणि त्यांच्यानंतरचे दत्तात्रय गणेश गोडसे हे चित्रकारच होते. नेपथ्य म्हणजे सजावट नव्हे, ते नाटकाचे वाचन आहे, ही समज मराठी रंगभूमीला चित्रकारांनीच दिली. मोकळा रंगमंचही मोकळा ठेवायचा हे कोणीतरी ठरवलेले असते, आणि ते ठरवणे हेच नेपथ्यकाराचे काम आहे.

मग बाक्स्ट, बेन्वा आणि रोरिख जगाला ठाऊक आहेत, आणि आनंदराव-बाबूरावांचे पडदे आपल्यालाही पाहायला मिळत नाहीत, असे का? याचे उत्तर बहुतेक वेळा गुणवत्तेत शोधले जाते. ते चूक आहे. रशियन चित्रकार आधी कागदावर रेखाटन करत आणि पडदा बहुधा मदतनिसांकडून रंगवून घेत. कापडाचा पडदा त्यांचाही फाटला, कुजला, विकला गेला. पण कागद राहिले. मॉस्कोत अलेक्सेई बाख्रुशिन यांनी १८९४ मध्येच रंगभूमीच्या वस्तूंचे संग्रहालय उघडले होते, आणि पॅरिसच्या रसिकांनी बाक्स्टची वेशभूषेची रेखाटने चित्रे म्हणून विकत घेतली. आपला पडदे-रंगारी थेट कापडावर हात टाकत असे. कापडाबरोबर सारेच गेले. मूकपटांची नायट्रेट फिल्म तर कापडाहून नाशवंत. ‘मुरलीवाला’सारख्या एखाद्या चित्रपटाचे तुकडे सोडले, तर महाराष्ट्र फिल्म कंपनीचे जग पाहायला मिळत नाही. २००३ मध्ये पुण्यातल्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठाराला आग लागली आणि जुन्या नायट्रेट प्रतींचा मोठा साठा गेला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांच्या काळात पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले तेच नाट्यगृह. याच्या उलट रोरिखचे पाहा. १९२३ च्या डिसेंबरात ते कुटुंबासह मुंबईत उतरले, १९२८ पासून कुलूच्या खोऱ्यात नग्गरला राहिले आणि १९४७ मध्ये तिथेच वारले. त्यांचे चित्रकार पुत्र स्वेतोस्लाव यांनी १९४५ मध्ये देविका राणींशी लग्न केले, म्हणजे मालाडच्या बॉम्बे टॉकीजची धुरा सांभाळलेल्या अभिनेत्रीशी. एका रशियन नेपथ्यकाराचे घर अशा रीतीने आपल्या चित्रपटसृष्टीच्या नात्यात आले. आज रोरिखची चित्रे भारताच्या कायद्याने कलासंपदा म्हणून संरक्षित आहेत; ती देशाबाहेर नेता येत नाहीत. हे योग्यच झाले. परक्या देशातून आलेल्या कलावंताचे काम जपणाऱ्या देशाला आपल्या मातीतल्या पडदे-रंगाऱ्याचे काम जपणे अशक्य नव्हते. तसे ठरवणारे कोणी नव्हते, एवढेच.

म्हणून बाबूराव पेंटरांकडे हरवलेल्या चित्रपटांचा एक दिग्दर्शक म्हणून पाहणे अपुरे आहे, आणि ‘भारतीय चित्रपटाचे आद्य कलामहर्षी’ अशी पदवी देऊन थांबणेही अपुरे आहे. कोल्हापुरातला एक कारखाना, एका गायिकेचे भांडवल, एका राजाचा आधार, पेण आणि कागलहून आलेले दोन कारागीर, पुण्यातले एक थिएटर आणि मग पुण्यातलाच एक स्टुडिओ, असे त्यांच्या आयुष्याचे जाळे आहे, आणि त्यांची कृती ती हीच. गणपतराव वडणगेकर, बाबा गजबर यांच्यासारखे चित्रकारही त्याच वर्तुळात वाढले. जाळे समजले, की हरवलेल्या कापडाचाही अंदाज बांधता येतो. ‘संत तुकाराम’मधल्या भिंतीवरचा उजेड पाहताना आपण काही प्रमाणात १९१५ सालचा पडदाच पाहत असतो. पण अंदाजावर कायम विसंबून राहणे परवडणार नाही. आजचे नेपथ्यकारही प्लायवूड, फ्लेक्स आणि लोखंडी चौकटींत काम करतात, आणि प्रयोग बंद झाला की सेट मोडीत निघतो. पुण्यात बालगंधर्वपासून बिबवेवाडीच्या अण्णा भाऊ साठे सभागृहापर्यंत महापालिकेची अनेक नाट्यगृहे आहेत. प्रत्येक नव्या नाटकाच्या नेपथ्याचा आराखडा, चार छायाचित्रे आणि रंगवणाऱ्या-जोडणाऱ्या माणसांची नावे तिथे नोंदवून ठेवायचा नियम करायला ना मोठा खर्च लागतो, ना नवा कायदा. बाख्रुशिन यांनी एका खाजगी घरातून हे सुरू केले होते. बाबूरावांचे काम आपल्याला माणसांमधून वाचावे लागले, कारण दुसरे काही हाती उरले नव्हते. पुढच्या पिढीला आपल्या नेपथ्यकारांची माणसेही कळावीत आणि कामही दिसावे, ही व्यवस्था करणे आपल्या हातात आहे, आणि ती आत्ताच करायला हवी.